सर्व्हर डाऊनची सबब चालणार नाही

हा इशारा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला, प्रत्येक महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याला आणि झाडून सगळ्या खासगी रुग्णालयांना आहे. पुढची साथ कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण ती आली आणि त्याच आठवड्यात वीज गेली, नेट गेले, सर्व्हर कुणी कुलूपबंद केला किंवा कंत्राटी ऑपरेटर संपावर गेले, तर कोणत्या गावात किती जण आजारी आहेत, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे आणि काल किती माणसे दगावली, या तीन साध्या प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर नसेल. हे भाकीत सांगायला ज्योतिषी लागत नाही. 31 मेपर्यंत ही स्थिती बदला. नाही बदललीत तर आम्ही काय करणार आहोत, तेही पुढे स्पष्ट सांगितले आहे.

ही भीती हवेतली नाही. 23 नोव्हेंबर 2022 च्या सकाळी दिल्लीच्या एम्समधली ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. खंडणीखोरांनी पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद केली होती. देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय, दारात रोज हजारोंची रांग, आणि नोंदणीपासून तपासणीच्या रिपोर्टपर्यंत, भरतीपासून डिस्चार्जपर्यंत सगळे हाताने करण्याची वेळ आली. बहुतेक कामे पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात कारण नोंदवलेले आहे: नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते. एका दारातून आत शिरलेल्याला घरभर फिरता आले. निभावले कशामुळे, तेही संसदेतच सांगितले गेले. बॅकअपचा एक सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता, त्यावरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळवता आली. करोनाची लाट तेव्हा ओसरली होती, हे दिल्लीचे नशीब. हाच प्रकार एप्रिल 2021 मध्ये, लोक ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत असताना झाला असता, तर त्या दोन आठवड्यांची किंमत कुणी मोजली असती?

आयर्लंडला ते नशीब लाभले नाही. तिथे करोना चालू असतानाच, 14 मे 2021 ला, सरकारी आरोग्य सेवेची संगणक यंत्रणा देशभर बंद पडली. त्या प्रकरणाचा चौकशी अहवाल सर्वांना वाचायला खुला आहे आणि आपल्याकडच्या प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने तो एकदा वाचावाच. सुरुवात झाली ती एका कर्मचाऱ्याने 18 मार्चला ईमेलसोबत आलेली एक्सेल फाइल उघडली तिथून. पुढचे आठ आठवडे हल्लेखोर यंत्रणेत बिनधास्त वावरत होते. 31 मार्चला त्याच संगणकावरच्या अँटिव्हायरसने घुसखोरीची साधने ओळखलीही. पण त्याचे सेटिंग नुसती नोंद घेण्याचे होते, अडवण्याचे नव्हते. हल्ल्याच्या आदल्या दिवशी अँटिव्हायरस पुरवणाऱ्या कंपनीची धोक्याची ईमेल येऊन पडली होती. आणि एवढ्या अवाढव्य यंत्रणेत सायबर सुरक्षेला जबाबदार असा एकही वरिष्ठ अधिकारी नेमलेला नव्हता. पुढे हल्लेखोरांनी कुलूप उघडण्याची किल्ली स्वतःहून, फुकट दिली. तरीही सगळे सर्व्हर उभे राहायला सप्टेंबर उजाडला. किल्ली हातात असताना चार महिने! आपल्याला कुणी किल्ली आणून देईल या भरवशावर राहू नका.

इंग्लंडमध्ये तर हल्लेखोराचीही गरज पडली नाही. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एवढ्याशा कारणाने 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या काळातले 15,841 बाधित रुग्ण मोजणीतून गळाले आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध ऐन लाटेत मागे पडला.

आता घरचे बघू. 16 जून 2020 ला महाराष्ट्राने एका फटक्यात 1,328 करोना मृत्यू जुन्या हिशेबात मिळवले. त्यांतले 862 एकट्या मुंबईचे होते. ही माणसे त्या दिवशी गेलेली नव्हती. ती आधीच गेली होती, नोंदींचा ताळमेळ लागायला उशीर झाला. पुढच्या वर्षी 9 जूनला बिहारने असेच 3,951 मृत्यू मिळवले. विरोधक म्हणाले लपवाछपवी, सरकार म्हणाले ताळमेळ. हा वाद विधानसभेत चालू राहो. आमचा आक्षेप वेगळा आहे. 2020 मध्ये 3 जूनपासून राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने टप्प्याटप्प्याने व्यवहार खुले होत होते. काय उघडायचे आणि काय बंद ठेवायचे याचा निर्णय ज्या आठवड्यांत होत होता, त्याच आठवड्यांतला मृत्यूचा आकडा अपुरा होता, आणि निर्णय घेणाऱ्यांना तो किती अपुरा आहे हे ठाऊक नव्हते. चूक तिथे आहे.

ताळमेळ का बसत नव्हता, ते वॉर्डाच्या वॉर रूममध्ये त्या दिवसांत बसलेल्या कुणालाही विचारा. यादीत नाव असायचे, वय असायचे, पत्त्याच्या रकान्यात नुसते ‘मुंबई’. मोबाइल नंबर नऊच आकडी, नाहीतर नमुना घ्यायला गेलेल्या लॅबच्या पोराचा स्वतःचा, कारण रकाना भरल्याखेरीज फॉर्म पुढे सरकत नव्हता. एकच माणूस दोनदा तपासला गेला की दोन रुग्ण. शेजारच्या शहरात राहणारा मुंबईत दगावला की दोन महापालिकांमध्ये ‘हा तुमचा की आमचा’ अशी टोलवाटोलवी. मुंबईने 24 वॉर्डांत वॉर रूम उभ्या केल्या, खाटांचे वाटप तिथून केले; ते काम चांगले झाले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या वॉर रूम चालल्या त्या सॉफ्टवेअरच्या जिवावर नव्हे. फोनला कान लावून बसलेल्या डॉक्टरांच्या आणि शिक्षकांच्या जिवावर चालल्या. यंत्रणा कोलमडते तेव्हा माणसे ती खांद्यावर घेतात, आणि साथ संपली की त्याच माणसांना घरी पाठवले जाते. पुढच्या वेळी ती परत येतीलच असे समजू नका.

तो 3 जूनचा दिवस आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यापासून दापोली, मंडणगडापर्यंत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मुंबईहून परतलेले चाकरमानी तेव्हा गावोगाव विलगीकरणात होते. त्यांच्यातल्या कुणाला ताप आला, कुणाला दम लागला, हे पोर्टलवर भरणार कोण आणि कशावर? त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली. पुढच्या वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. तिन्ही वेळा करोना होताच. संकटे एकेकटी, रांगेत येतात असे धरून तुम्ही आराखडे करता. ती तशी येत नाहीत, हे कोकणाने दोन वर्षांत दोनदा दाखवले.

एप्रिल 2021 मध्ये केंद्राने रोगसर्वेक्षणाचे नवे पोर्टल आणले. आधी आठवड्याला येणारी माहिती आता रोज यायची, 18 ऐवजी 33 आजारांची यायची. कल्पना उत्तम आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते ती जिथे उतरते त्या टेबलाशी. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुपारी ओपीडी उठते तेव्हा हाताने भरलेले रजिस्टर ऑपरेटरच्या टेबलावर येते. संगणक एक. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणून वीज लुकलुकली की भरलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून. लिंक नसली की ऑपरेटर स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट लावतो. लॉगिनचा ओटीपी जातो वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या फोनवर, आणि ते तालुक्याच्या मीटिंगला गेलेले असतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही वाचता येईल असा. तापाचा एकच रुग्ण आशाताईच्या वहीत, गटप्रवर्तकाच्या व्हॉट्सअॅपवर, उपकेंद्राच्या रजिस्टरात आणि मग पोर्टलवर, असा चारदा लिहिला जातो. त्यांतल्या चौथ्या नोंदीशिवाय मंत्रालयाला तो रुग्ण दिसत नाही.

आणि ज्या दिवशी ऑपरेटर रजेवर, त्या दिवशी काय जाते? ‘निरंक’. सरकारी कचेरीतला सर्वांत धोकादायक अहवाल हाच. रुग्ण नाही म्हणून निरंक, आणि भरायला माणूस नाही म्हणून निरंक, यांतला फरक वरच्या नकाशावर दिसत नाही. दोन्ही गावे सारखीच हिरवी. साथीची पहिली ठिणगी अशाच हिरव्या गावात पडते, कारण जिथे वीज नाही, नेट नाही आणि कर्मचारी नाही, तिथेच पाणीही गढूळ असते. आकड्यांचा डॅशबोर्ड बघून जिल्हाधिकारी निश्चिंत झोपतात, याला जबाबदार तुमचा हा निरंक.

शहरांनी या टेबलाकडे बघून हसू नये. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पुढे त्यांची संख्या 200 च्या वर गेली. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, त्या शहरातली ही गोष्ट. हातापायांतली ताकद गेलेला माणूस जवळच्या मोठ्या रुग्णालयात जातो. एका रुग्णालयात दोन, दुसऱ्यात तीन. प्रत्येक डॉक्टरला वाटते, योगायोग असेल. सगळ्यांचे पत्ते एका नकाशावर आल्याशिवाय दूषित पाण्याचा संशय येत नाही. असा नकाशा रोजच्या रोज आपोआप तयार व्हायला हवा. तो आज एखाद्या सजग डॉक्टरने महापालिकेला फोन करण्यावर अवलंबून आहे. खासगी रुग्णालयांनो, विम्याच्या कंपनीला तासाभरात सगळी कागदपत्रे पाठवणारी तुमची यंत्रणा महापालिकेला पत्ता कळवताना का अडखळते, याचे उत्तर तयार ठेवा.

एक गोष्ट पैशाने विकत मिळत नाही, ती म्हणजे लोकांचा विश्वास. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवायला सुरुवात केली. रोगी सापडेनात, साथ मात्र पसरत राहिली. आज झडतीची जागा गळतीने घेतली आहे. 2020 मध्ये विलगीकरणातल्या माणसांच्या नावापत्त्यांच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या, हे सगळ्यांनी पाहिले. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्याचे नाव, जन्मसाल, ओळखपत्राचा क्रमांक सांगू लागला. कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवरची माहिती थेट फुटल्याचा सरकारने इन्कार केला. तो मानला तरी ही माहिती कुठून तरी गळली होतीच. पुढच्या साथीत लोक मुद्दाम चुकीचा नंबर देतील, आणि तो दिला म्हणून त्यांच्यावर गुन्हे दाखल करण्याचा नैतिक अधिकार तुम्हाला उरणार नाही.

आता मागण्या. त्यांत चंद्र मागितलेला नाही.

प्रत्येक रुग्णालयाने आणि आरोग्य केंद्राने तीन महिन्यांतून एकदा चोवीस तास संगणक बंद ठेवून काम करून दाखवावे. केसपेपर, औषध, लॅब, भरती, मृत्यूची नोंद, सगळे कागदावर. दुसऱ्या दिवशी ते पोर्टलवर चढवावे आणि किती वेळ लागला, किती नोंदी हरवल्या, हे दर्शनी फलकावर लावावे. आगीची तालीम करता, तशी हीही करा. आठवडाभर पुरतील इतके छापील फॉर्म कपाटात असावेत, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयाचे, ऑक्सिजनच्या पुरवठादाराचे आणि नियंत्रण कक्षाचे नंबर कागदावर, भिंतीवर असावेत. नंबर संगणकात आहेत आणि संगणक बंद आहे, ही विनोदी परिस्थिती आम्हाला पुन्हा बघायची नाही.

बॅकअप घेतो, असे सगळेच म्हणतात. तो उघडून पाहता का, हा खरा प्रश्न. वर्षातून दोनदा, खात्याबाहेरच्या साक्षीदारासमोर, बॅकअपवरून यंत्रणा उभी करून दाखवा आणि तारीख जाहीर करा. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, वेगळ्या इमारतीत. ज्या कंपनीला कंत्राट दिले तिच्याशी देयकांवरून वाद झाला तर माहिती कुणाच्या ताब्यात राहील, हे करारात आधीच लिहा. 2022 च्या पावसाळ्यात नागपूरसह राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कंत्राटाच्या वादापायी संगणक प्रणाली बंद पडली आणि पुन्हा हाताने केसपेपर लिहायची पाळी आली. त्याला ना व्हायरस कारण होता, ना वादळ. आणि हल्ला झालाच तर सहा तासांत केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, म्हणजे सीईआरटी-इनला, कळवणे 2022 च्या निर्देशांपासून बंधनकारक आहे. तुमच्या रुग्णालयात ते कोण कळवणार, त्या माणसाचे पद आणि फोन नंबर सांगा. ‘आयटीवाले बघतात’ हे उत्तर धरले जाणार नाही.

नकाशावर ‘रुग्ण नाही’ आणि ‘अहवाल आला नाही’ यांना वेगळे रंग द्या. हे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला रुपयाही लागत नाही. मृत्यू उशिरा नोंदवला गेला तर तो खऱ्या तारखेखाली दाखवा आणि उशिराच्या नोंदी किती, ते रोज सांगा. देशात 2020 मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीचे कशाने गेले, हे आपण अंदाजाने बोलतो. निदान आपल्या राज्यात, निदान रुग्णालयांत झालेल्या मृत्यूंचा तरी कारणाचा दाखला त्याच दिवशी भरला गेला पाहिजे.

आणि ज्यांच्या बोटांवर ही सगळी इमारत उभी आहे त्यांच्याकडे बघा. डेटा एंट्री ऑपरेटर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, मानधन महिनोन्‌महिने थकलेले. आशाताई ऑनलाइन कामे स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर करतात, आणि त्यासाठी त्यांना संप करावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या हजारोंनी संपावर उतरल्या होत्या. तो संप ऐन साथीत झाला असता तर? नव्या अॅपच्या उद्घाटनाला जितका मंडप घालता, त्याच्या खर्चात एका तालुक्यातल्या यूपीएसच्या बॅटऱ्या येतात. यात आम्ही वाटाघाटी करणार नाही: थकलेले मानधन पहिल्यांदा, अॅप नंतर.

मुदत 31 मे. त्यानंतर पाऊस लागतो, आणि पावसामागून डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो, कावीळ. त्या तारखेपर्यंत प्रत्येक जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने चार गोष्टी जाहीर कराव्यात: संगणक बंद ठेवून तालीम कधी केली, बॅकअप उघडून कधी पाहिला, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिले, आणि यंत्रणा बंद पडली तर जबाबदार अधिकारी कोण.

ही माहिती आली नाही तर 1 जूनपासून तालुक्या-तालुक्यातून माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिले अपील, मग आयोग. साथ सुरू असेल तर कायद्यातल्या जीविताच्या तरतुदीवर बोट ठेवून अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मागितले जाईल. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी हजर राहून याच चार प्रश्नांना उत्तरे देतील, असा ठराव गावोगाव मांडला जाईल. आणि पुढच्या साथीत यंत्रणा बंद पडून माणसे गेली, तर ‘अभूतपूर्व परिस्थिती’ हा शब्द तुम्हाला वापरता येणार नाही. हा इशारा तारखेसह छापून झालेला असेल, आणि चौकशी आयोगापुढे तो आम्हीच ठेवू.

वाचकांनो, तुमच्या वाट्यालाही काम आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा; दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. आपल्या आरोग्य केंद्राचे नाव घालून अर्ज आत्ताच लिहून ठेवा आणि 1 जूनला नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.